फिलोमिनाला घरी आणण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

"सुटलेली गुरं? माझ्यावर सोडा!" हवालदार फिंटन ब्रॉफीने छाती फुगवली. डब्लिनहून आयर्लंडच्याच लिट्रिम परगण्यातल्या एका खेड्यात बदली होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. पण गेल्याच मंगळवारी त्याने मोकाट जनावरं कशी आवरावीत याचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं होतं. एका दिवसात माणूस किती शहाणा होतो म्हणता!

ब्रायडीआजींची गाय फिलोमिना कुंपण मोडून भर हमरस्त्यावर उभी होती. दोन ट्रक खोळंबले होते. वायरलेसवर सार्जंट मॅडम कडाडल्या, "ब्रॉफी, बंदूकवाले निघालेत. ते पोचेपर्यंत गाय हलली नाही, तर गोळी! कुणाचा जीव जायला नको."

खुराकाची बादली घेऊन धावत आलेल्या आजींनी फिंटनची बाही धरली. "अरे बाळा, आमचे हे गेल्यापासून मी सकाळी उठते ती तिच्यासाठीच रे!"

फिंटनने त्यांच्या हातातली बादली घेतली. "आजी, घरी जाऊन फाटक उघडा. आणतो तुमच्या लेकीला!"

नियम तोंडपाठ होते. सायरन नाही. आरडाओरडा नाही. पाठलाग तर नाहीच नाही! बादलीत खुराक खुळखुळवत शांतपणे पुढे चालायचं, जनावराच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. म्हणजे मागे वळूनच बघायचं नाही, ही भर त्याची स्वतःची.

फिलोमिनाने कान टवकारले, दोन पावलं टाकली. झालं! फिंटन शेजारच्या क्रोनिनच्या कुरणातून आडवाटेने निघाला. गाय मागून यायची म्हणून दोन्हीकडची फाटकं सताड उघडी ठेवली. खुळ खुळ खुळ! मागे पावलं वाजत होती. जरा जास्तच वाजत होती, पण आजींची गाय अंगाने भरलेली आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

वाटेत पोस्टातल्या बाई ओरडल्या, "साहेब, मागे बघा, मागे!"

"नियमात बसत नाही, बाई!"

आजींच्या दारात तो ऐटीत वळला. "घ्या आजी, तुमची..."

क्रोनिनचे एकोणीस गोऱ्हे! फिलोमिनाचा पत्ता नाही!

"ती मघाशीच आली की," आजी डोळे पुसत हसल्या. "तू कुरणात शिरलास, ती सरळ रस्त्याने घरी आली. धारेची वेळ झाली ना! पण राजा, ही वरात कशाला आणलीस?"

एवढ्यात गोऱ्ह्यांनी बादलीवर धाड घातली. फिंटन टोपी सोडून दगडी भिंतीवर चढला. खुराक मिनिटात फस्त झाला आणि सगळी फौज शेपट्या उडवत हमरस्त्याकडे सुटली.

वायरलेस खरखरला. "ब्रॉफी, गाय?"

"सुखरूप घरी, मॅडम! बंदूकवाल्यांना परत पाठवा."

"शाब्बास! म्हणजे रस्त्यावर आता काही नाही ना?"

फिंटनने भिंतीवरून हमरस्त्याकडे नजर टाकली. एकोणीस शेपट्या तिथे पोचल्या होत्या.

"गाय तर एकही नाही, मॅडम."