हरिपंतांच्या शब्दांची मुळं

हरिपंतांना "समजलं का?" असं कधी विचारू नये. मी एकदा विचारलं आणि माझी कचेरी बुडाली. "समजणं म्हणजे इंग्रजीत अंडरस्टँड. त्यातलं स्टँड म्हणजे उभं राहणं. आता समजायला उभं कशाला राहायचं, सांग बाळाजी!" मी काय सांगणार, कपाळ? मी मामलेदार कचेरीत मोडी खरडणारा. इंग्रजीचा आणि माझा छत्तिसाचा आकडा. तासभर मी उभाच होतो आणि मला काडीचंही समजलं नव्हतं.

पंत ठाण्याच्या कोर्टात दुभाषी होते. साहेब इंग्रजीत बोले, पंत ते मराठीत सांगत. आता पेन्शन झालेली, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. उरला एक जाडजूड इंग्रजी कोश. गावात कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो घेऊन पंतांची ओटी गाठायची आणि मजकुराआधी शब्दांची मुळं ऐकायची. "मूळ धरल्याशिवाय अर्थ हाती येत नाही," हे त्यांचं पालुपद. समोरच्या गणूला नोकरीचा कागद आला, तेव्हा एक्स्प्लेन म्हणजे मुळात जमीन सपाट करणं, हे ऐकेपर्यंत बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मी पडलो भिंतीला भिंत लावून राहणारा. माझे कान म्हणजे धर्मशाळाच.

खाडीकडची मारियाबाय आमच्या आळीत भाजी घेऊन यायची. तिचा एकुलता एक पेद्रू आगबोटीवर खलाशी. तो कोणाकडून तरी इंग्रजीत पत्र लिहून घेई आणि ती ते पंतांकडे आणी. त्या दिवशी मात्र कागद कंपनीचा होता, एडनहून आलेला. टोपली कमरेवर तशीच धरून ती अंगणात उभी राहिली. कचेरीला निघालेला मीही थांबलो.

पंतांनी चष्मा लावला, कागद मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "इंटरप्रिट. मूळ लॅटिन. मुळात दलाल. दोघांच्या मधे उभा राहून सौदा करणारा."

हा शब्द त्या कागदात होता की नव्हता, देव जाणे! दलाल संपला तसं काँप्रिहेंड सुरू झालं. म्हणजे म्हणे मुठीत घट्ट धरणं. माझं डोकं फिरलं.

"अहो पंत, मुळं गेली खड्ड्यात! पोर कसं आहे ते सांगा आधी!"

"आता ट्रान्सलेट," पंत कागदावरून नजर न काढता म्हणाले. "हा शब्द..."

मारियाबायनं टोपली खाली ठेवली.

"बस करा, पंत. मना समजला. पोर बरा असला तवा तुमी एकच शबुद फोडायचं नि लगेच सांगायचं. आज तिसरा फोडताय. माजा पेद्रू गेला."

इतकी वर्षं शेजारी राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

पंतांनी होकारार्थी मान हलवली. "ताप होता, बाई. पाच दिवस."

"पाद्री व्हता ना जवल?"

"होता. लिहिलंय."

मग तिनं सगळा कागद वाचून घेतला. पंतांनी एकही मूळ न काढता तो मराठीत सांगितला. कागद पदरात बांधून ती गेली. टोपली अंगणातच राहिली.

टोपलीकडे बघत पंत बोलले. "साहेब फाशी इंग्रजीत सांगून मोकळा व्हायचा. आरोपीला ती कळायची माझ्या तोंडून. त्याची आई असायची मागे, तीसुद्धा माझ्याकडेच बघायची. कोर्टात एक शब्द जास्त बोलायची सोय नव्हती, बाळाजी. इथे आहे."

कचेरीची वेळ होऊन गेली होती. मी उपरणं खांद्यावरून काढलं आणि ओटीवर बसलो.

"पंत, तो ट्रान्सलेट राहिला. त्याचं मूळ काय?"

त्यांनी चष्मा पुसला. "इथून उचलून पलीकडे नेणं," म्हणाले आणि कोश पुढे ओढला. माझी कचेरी पुन्हा बुडाली. मी हूं हूं करत बसून राहिलो.