अण्णांचा कान

वडगावात सदूअण्णांच्या घरात शिरताना चपला बाहेर काढल्या तरी चालतात, नाही काढल्या तरी चालतात. पण किल्ल्या, पेन, सेफ्टीपिन, घड्याळ आणि पट्टा हे सगळं उंबऱ्याजवळच्या अॅल्युमिनियमच्या डब्यात टाकल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मी शेजारी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. बी.एस्सी., फिजिक्स, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पण रोज संध्याकाळी अण्णांकडं जायचं म्हणजे एका हातानं पँट धरून. पँट धरून उभ्या असलेल्या पदवीधराला कुणी विचारत नाही, हे मी तिथं शिकलो.

अण्णा जुने सपाट स्पीकर दुरुस्त करतात. दाराच्या फळीएवढे उंच आणि तसेच चपटे. आत पातळ पडदा, पडद्यावर चिकटवलेली बारीक तार, कडेला चॉकलेटच्या चांदीसारखी अॅल्युमिनियमची फीत आणि लोहचुंबकांच्या रांगा. एखादी पिन ओढली जाऊन फितीत घुसली की महिन्याचं काम मातीत. एकदा मतं मागायला आलेले एक उमेदवार नको नको म्हणत असताना वाकून बघायला गेले आणि छातीवरच्या बिल्ल्यासकट तिथं चिकटले. अण्णा म्हणाले, "मत देतो सायेब. पण आधी सरळ मागं सरका. तिरकं हलायचं न्हाय."

हा नाद कुठून लागला? अण्णांनी पंचवीस वर्षं यंत्रमागावर साड्या विणल्या. साड्या खपेनात तसे दोन्ही माग भंगारात घालायला गेले, आणि येताना तिथले दोन फाटके उभे पडदे घेऊन आले. बायकोच्या न्हाणीला आडोसा होईल म्हणून. घरी आणून वरचं कापड सोडलं तर आत तार. पडदे कसले, सपाट स्पीकर होते ते.

"एकीशेजारी एक, मागावर उभे धागे असत्यात तशी," अण्णा सांगतात. "गोंद वाळून निम्मी सुटल्याली. सुटलेला धागा मला बघवत न्हाय रं."

आडोसा राहिला बाजूला. अण्णा जुना गोंद खरवडतात, पडदा नव्यानं ताणतात, तार नजरेनं लावतात. फितीला बारीक चुण्या घालायला दोन दातेरी चाकं आहेत. ती त्यांच्याच मागाची. भंगारवाल्याकडून तेवढी परत मागून घेतली. पडद्यावर नखानं टिचकी मारायची आणि म्हणायचं, "ताण बघ, ताण." माझा साहेब माझ्यावर खेकसला तरी उपाय तोच. "त्याचा ताण जास्त झालाय, बीएस्सी. एक पेच ढिला कर."

गल्लीला ठाऊक आणि गिऱ्हाइकांना ठाऊक नाही अशी एक गोष्ट होती. अण्णांचे कान मागांबरोबरच गेलेत. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. मी एकदा विचारलं, "पहिलं काय ऐकू यायचं बंद झालं?"

"हिच्या बांगड्या," अण्णा म्हणाले. "एक दिवस बघतोय तर हात हलतोय आणि आवाज न्हाय. मला वाटलं, हिनं काढून ठेवल्या काय."

तेव्हापासून अण्णांचा कान म्हणजे त्यांची बायको, सुमनआक्का. अण्णांनी फोनमध्ये तिच्या बांगड्यांचा आवाज भरून ठेवला होता. स्पीकर तयार झाला की आक्का प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायची आणि अण्णा तो आवाज लावायचे. बांगड्या बांगड्यांसारख्या वाजल्या तर आक्का हात वर करायची. नाहीतर एकच शब्द, "पत्र्याच्या." मग दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी फीत परत बाहेर.

गेल्या वर्षी आक्का गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं.

अण्णांनी काम थांबवलं नाही. निपाणीच्या एका डॉक्टरांच्या स्पीकरांची जोडी करून दिली, आणि ती पंधरा दिवसांत परत आली. उजव्या बाजूची फीत तडकलेली होती. कान असलेल्या माणसाला एका मिनिटात कळली असती. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "अण्णा, उजवीकडं बारीक सूरच न्हाय. परत एकदा करून बघा. न्हाय जमलं तरी मी काही बोलणार न्हाय."

ते 'काही बोलणार न्हाय' अण्णांना शिवीपेक्षा जास्त लागलं. मला म्हणाले, "ह्या खेपेला फसलं तर ती दोन चाकंबी भंगारात. मग बसतो गप."

रविवारी डॉक्टर न्यायला येणार होते. शनिवारी मी फोनवर आवाजाचा आलेख काढणारी सोय घेऊन गेलो. माझं फिजिक्स कधीतरी कामाला यावं एवढीच इच्छा.

"चित्र बघून पोट भरतंय व्हय तुझं?" अण्णा म्हणाले. "फोन डब्यात टाक. खुर्चीत बस."

आक्काच्या खुर्चीत मी बसलो, पँट धरून. अण्णांनी स्पीकरच्या मागं जाऊन काहीतरी केलं आणि आवाज लावला. गोधडीखाली डबा हलवावा तसा दबका खुळखुळाट आला. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. दाढी आठ दिवसांची, गालफडं बसलेली.

"झकास," मी म्हणालो.

अण्णांनी मूठ उघडली. आत काचेची छोटी फ्यूज.

"ही फितीची," ते म्हणाले. "मुद्दाम काढून घेतली मी. हिच्याबिगर बारीक आवाज येतच न्हाय. तू चांगला माणूस हाईस, बीएस्सी. कान म्हणून उपेगाचा न्हाईस."

फिजिक्समध्ये मी कधी नापास झालो नव्हतो. तिथं झालो. अण्णा रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फ्यूज तळहातावर उलटसुलट करून बघितली.

"हिच्याशी माझं भांडण का व्हायचं ठाव हाय? ती खोटं बोलत न्हवती."

मी म्हटलं, "अण्णा, एक डाव परत लावा."

त्यांनी फ्यूज बसवली. आवाज लावला.

बोलायच्या आधीच माझी मान स्वयंपाकघराच्या दाराकडं वळली होती. आक्का चहा गाळताना तिकडून यायचा तसाच आवाज, तेवढ्याच अंतरावरून. दारात कुणी नव्हतं.

अण्णांनी माझी वळलेली मान बघितली.

"हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

मग दुसरा स्पीकर झाला. तोही पास. अण्णा पुढं आले आणि तळहात त्या फितीसमोर धरून उभे राहिले, शेगडीसमोर धरावा तसा.

"पत्र्याच्या न्हाईत न्हवं?"

"न्हाईत."

"मग कशा वाजत्यात? नीट सांग."

"काचेच्या," एवढंच मला सुचलं.

"हिरव्या," अण्णा म्हणाले, आणि फोनवर बोट दाबून तो आवाज परत लावला.