मूळ लेखिकेची संमती

लियाव वेइ-लुनचं अपील फेटाळलं गेलं, आणि तेही त्याच्या दिवंगत आईच्या साक्षीवरून. पण हे आपण अजून ऐकलेलंच नाही असं धरून चालू. त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं.

शेवटच्या वर्षाला ‘आपल्याकडचं अन्न’ या विषयावर निबंध होता. वेइ-लुनने आपल्या तैनान शहरातल्या शेकडो काट्यांच्या माशावर लिहिलं. काटा कुठे लपतो, कुठल्या बोटाने शोधायचा, शोधताना माशाला काय काय बोलायचं. विद्यापीठाच्या संगणकाने सांगितलं, एकाहत्तर टक्के नक्कल. मूळ लेख मच्छीमार संघाच्या मासिकातला, बारा वर्षांपूर्वीचा. लेखिका च्यू श्यो-फंग. म्हणजे त्याची आई. तिने कधी काही छापलं होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने ते सगळं फक्त जेवताना ऐकलं होतं, वर्षानुवर्षं, रोज.

विषयात शून्य मिळालं आणि पदवी अडकली.

“चूक कबूल कर आणि मोकळा हो,” अपील समितीच्या सचिव श्ये बाई म्हणाल्या. “तेवढी वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहून दे. संपला विषय.”

“बाई, माशाबद्दल माझ्याकडे स्वतःचे शब्दच नाहीत. आहेत ते तिचेच.”

“मग मूळ लेखिकेची संमती आण.”

“ती वारली. चार वर्षं झाली.”

श्ये बाईंनी हळहळून चष्मा काढला, पुसला आणि नियम पुन्हा वाचला. लेखक जिवंत असावा असं त्यात कुठेच नव्हतं. संमती असावी, एवढंच होतं.

वेइ-लुन घरी गेला. वडील माशाच्या पेजेचं पातेलं घासत होते.

“बाबा, तुम्ही वारस. तुम्हीच संमतीवर शिक्का मारा.”

“मी? तिच्या लेखावर? अरे, ती होती तोवर तिला न विचारता मी या घरात खुर्ची सरकवली नाही कधी. तिलाच विचारू.”

देव्हाऱ्यात आईच्या नावाची पाटी होती. वडिलांनी उदबत्ती लावली, कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्ही उताण्या पडल्या की वरचा माणूस हसतोय. वेइ-लुनने पुरावा म्हणून मोबाइलवर चित्रण सुरू केलं.

“अगं, ह्यानं तुझंच सगळं उचललंय ना?” वडिलांनी विचारलं.

होकार.

“ऐकू आलं ना नीट? तुझंच उचललंय ना?”

पुन्हा होकार.

“मग चालेल ना तुला?”

दोन्ही उताण्या.

“हसली!” वडील ओरडले. “बघ, बघ, हसली!” आणि डोळे पुसायला आत गेले. चित्रण त्याच दिवशी समितीकडे दाखल झालं.

सुनावणीत अध्यक्ष फान सरांनी ते दोनदा पाहिलं. मग घसा खाकरला.

“लेख उचलला का, या प्रश्नाला मूळ लेखिकेने दोनदा होकार दिलाय. चालेल का, याला दिलेला नाही. म्हणजे चोरी सिद्ध, संमती नाही.”

“पण सर, ती हसली!”

“हसण्याला आमच्याकडे रकाना नाही.”

श्ये बाई रोज देवळात जाणाऱ्या. त्यांनी हळूच सांगून पाहिलं, “सर, हसू म्हणजे प्रश्न पुन्हा नीट विचारा, असंही असतं.”

“मुदत काल संपली,” फान सर म्हणाले.

बाहेर बाकावर वडील बसले होते. निकाल ऐकून त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं.

“चार वर्षांत तिला पहिल्यांदा काहीतरी विचारलं रे. तेही धड विचारता आलं नाही मला.”

“असू द्या, बाबा. बोलली तर खरी.”

“हो,” वडील म्हणाले. “तुझ्या विरोधात बोलली, पण बोलली.”

श्ये बाईंनी मागून येऊन फेरविचाराचा अर्ज हातात ठेवला. फेरविचार कधी होत नसे, अर्ज मात्र कायम मिळत असे. वेइ-लुनने तो तिथेच बाकावर भरला. नाव, वर्ग, प्रकरण क्रमांक. शेवटच्या ‘मागणी’ या चौकटीत सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘मूळ लेखिकेस समितीसमोर प्रत्यक्ष बोलावण्यात यावे व तिचे म्हणणे, कितीही लांबले तरी, मध्ये न तोडता ऐकून घेण्यात यावे. अर्जदार पूर्ण वेळ हजर राहील.’