चौथ्या मजल्यावरचा लाल ठिपका

मी भित्री नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल! मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे. "भूत म्हणजे पुराव्याचा अभाव आणि भीती म्हणजे माहितीचा अभाव," असं मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. बक्षीस उत्तेजनार्थच मिळालं, पण ते सोडा.

पहिली नोकरी लागली ती नकाशे बनवणाऱ्या एका कचेरीत. पाच मजल्यांची नवीकोरी इमारत, आणि ती 'स्मार्ट' करून चालती ठेवायची, हे माझं काम. स्मार्ट म्हणजे काय? अहो, प्रत्येक घरात एक माणूस असतोच बघा, ज्याला रिकाम्या खोलीत दिवा दिसला की, "कोणाची वरात जायचीय इथून?" असं ओरडल्याशिवाय राहवत नाही. आमच्या इमारतीत तो माणूस छतात बसवलेला आहे! लिंबाएवढे पांढरे सेन्सर. उबदार वस्तू हलली की त्यांना कळतं. उबदार आणि हलणारं, म्हणजे माणूस. माणूस आहे, म्हणून दिवा चालू. दहा मिनिटं काहीच हललं नाही, तर खोली रिकामी, दिवा बंद. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे वेगळे सेन्सर. माणसं जमली, श्वास वाढले, की ताज्या हवेचे पंखे आपोआप जोर धरतात. ऊन तापलं की पडदे उतरतात. विजेचा वापर तिसऱ्या हिश्शाने खाली आला आणि दुपारच्या मीटिंगमध्ये पेंगणारे लोक टक्क जागे राहू लागले. (मीटिंग सुधारली नाही. ते माझ्या हातात नव्हतं.)

सगळे मला 'सेन्सरताई' म्हणू लागले. मीही फुशारून गेले. फक्त एका माणसाची तक्रार होती. चौथ्या मजल्यावरचे भिंगकाका!

भिंगकाका जुन्या नकाशावर नवा नकाशा ठेवून, डोळ्याला भिंग लावून चुका शोधतात. हे काम करताना ते हलत नाहीत. म्हणजे अजिबात हलत नाहीत! देवळातली मूर्ती त्यांच्यापुढे चुळबुळी वाटेल. दर दहा मिनिटांनी इमारत त्यांना निर्जीव ठरवून दिवा घालवायची. नकाशे उन्हाने फिके पडतात म्हणून त्या खोलीला खिडकी नाही. दिवा गेला की मिट्ट काळोख.

"पोरी, तुझी ही इमारत मला रोज चाळीस वेळा मारते गं!" काका म्हणाले.

"काका, मग जरा हलत जा की!" मी म्हणाले.

काकांनी भिंगातूनच माझ्याकडे पाहिलं. त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसला. मला वाटलं, पटलं.

मग तो मंगळवार उगवला. अग्निशमन खात्याच्या अधिकारी बाई तपासणीला येणार होत्या. सकाळी अकराला भोंगा वाजणार, सगळ्यांनी जिन्याने खाली यायचं, आणि पंधरा मिनिटांच्या आत गेटजवळच्या पडद्यावर इमारत पूर्ण रिकामी दिसली पाहिजे. माणूस असलेली खोली म्हणजे लाल ठिपका, रिकामी म्हणजे हिरवा. कवायतीपुरता मी सगळ्या सेन्सरांचा वेळ दहा मिनिटांवरून एका मिनिटावर आणला होता, म्हणजे पडदा अगदी ताजा राहील. सगळे ठिपके हिरवे झाले की इमारतीला प्रमाणपत्र. आणि मला कायम नोकरी! माझे उमेदवारीचे सहा महिने त्याच आठवड्यात संपत होते. मॅनेजरसाहेब स्पष्टच म्हणाले होते, "सेन्सरताई, शून्य दिसलं तर तुम्ही कायम. एक जरी उरला, तर तो एक तुम्हाला घेऊन जाईल."

हे वाक्य त्यांनी विनोद म्हणून टाकलं होतं. पुढे ते माझ्या छातीत जाऊन बसलं.

भोंगा वाजला. सगळे शिस्तीत उतरले. हजेरी झाली : एकशे बारापैकी एकशे बारा हजर! पडद्यावर ठिपके पटापट हिरवे होत गेले. पहिला मजला, दुसरा, पाचवा... आणि चौथ्या मजल्यावर, नकाशांच्या खोलीत, एक लाल ठिपका तसाच.

"होईल आत्ता," मी म्हणाले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. ठिपका लाल.

अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं. "वर कोण आहे?"

"कोणी नाही, बाई. सगळे खाली आहेत."

"मग तो कोण हलतोय?"

मॅनेजरसाहेब माझ्या कानाशी लागले. "कोणालाही विचारायचं नाही, सांगायचं नाही. घबराट होईल! गुपचूप वर जा आणि बघून या. कॅप्टनला घेऊन जा."

कॅप्टन म्हणजे आमचे सुरक्षारक्षक. सहा फूट उंची, झुपकेदार मिशा, आणि कमरेला एवढी मोठी टॉर्च की ती बघूनच चोराने माफी मागावी. "ताई, चला," ते म्हणाले. "मी असताना भ्यायचं नाही. मी भीती कधी पाहिलीच नाही." पुढच्या सात मिनिटांत ती राहून गेलेली भेट झाली!

जिन्यात शिरलो आणि घोंघावणं अंगावर आलं. आगीच्या वेळी धूर आत येऊ नये म्हणून जिन्यात पंख्याने हवा दाबून भरतात. ही व्यवस्था मीच तपासली होती. पण तपासणं वेगळं आणि त्या घोंघावण्यात उभं राहणं वेगळं. शंभर म्हातारे एकदम कण्हत असावेत तसा आवाज! लिफ्ट आपोआप तळाला येऊन दारं उघडी टाकून उभी होती, जबडा वासून.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो तोच मॅनेजरसाहेबांचा फोन.

"सेन्सरताई, कुठे आहात?"

"दुसऱ्या मजल्यावर, साहेब."

"मग पहिल्या मजल्याच्या जिन्यात कोण आहे?"

"क-कोणी नाही!"

"लाल ठिपका आहे हो! तुमच्या मागे कोणीतरी येतंय!"

कॅप्टननी आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि जी धूम ठोकली! तिसरा मजला. फोन अजून कानाला. "ताई, आता दोन आहेत! तुमच्या मागे दोन!" आम्ही आणखी जोरात पळालो. "तीन! ताई, ते वाढताहेत!"

आता बसल्या जागी मला सांगता येतं, की तो आमचाच माग होता. आम्ही पुढे गेलो तरी मागचा ठिपका एक मिनिट लाल राहणार, तो नियम मीच घातलेला. जितकं जोरात पळावं तितके जास्त ठिपके मागे! साधं गणित आहे. पण धाबं दणाणलेल्या माणसाला गणित येत नाही, मग तो सुवर्णपदकवाला का असेना. (मी सुवर्णपदकवाली नाही. उदाहरण दिलं.)

चौथ्या मजल्याचं दार ओढलं, तर उघडेना!

"आतून कोणीतरी धरलंय," कॅप्टन पुटपुटले.

"नाही हो, जिन्यातल्या हवेचा दाब आहे," मी म्हणाले. मी बरोबर होते. पण माझा आवाज इतका चिरका निघाला, की माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा दार उघडलं आणि त्या हवेनेच आम्हाला आत ढकललं.

समोर नकाशांची खोली. दार किंचित उघडं, आत दिवा चालू. दाराशेजारच्या छोट्या पडद्यावर मी कार्बन डायऑक्साइडचा आकडा पाहिला आणि जागच्या जागी थांबले. बाहेरच्या मोकळ्या हवेइतकाच!

"काय झालं, ताई?"

"कॅप्टन... बंद खोलीत माणूस असला, की श्वासामुळे हा आकडा चढतो. पाच जण असले तर भराभर, एक असला तर हळूहळू. पण चढतोच."

"मग?"

"चढलेलाच नाही. आत जे काही आहे ते उबदार आहे, हलतंय..." मी दाराकडे बोट दाखवलं, "पण श्वास घेत नाहीये."

कॅप्टन एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, "ताई, हे खाली सांगायला हवं होतंत. मी दुसरा कोणी पाठवला असता."

आतून आवाज येत होता. घर्रर्र... खट्. घर्रर्र... खट्. आम्ही दार ढकललं. उंच कपाटांच्या दोन रांगा, त्यांच्यामध्ये अरुंद वाट, आणि टोकाच्या भिंतीवर एक सावली. गोल डोकं. डोक्यावर कानटोपी. गळ्यात मफलर. आणि ते डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होतं. नाही... नाही... नाही... असं!

"क-को-कोण आहे?" मी विचारलं.

घर्रर्र. खट्. नाही.

कॅप्टननी हंबरडा फोडला आणि हातातली टॉर्च भिरकावली. धाडकन काहीतरी कोसळलं. घरघर थांबली. आम्ही दोघं एकाच वेळी, एकाच टेबलाखाली घुसलो. त्या टेबलाखाली एका माणसाला पुरेल एवढीच जागा होती, पण त्या दिवशी पदार्थविज्ञानाचे बरेच नियम मोडले.

शांतता. मी हलले नाही. कॅप्टन हलले नाहीत. त्यांच्या मिशासुद्धा हलल्या नाहीत. बहुतेक आम्ही श्वासही घेत नव्हतो.

आणि दिवा गेला!

मिट्ट काळोख. त्या काळोखात माझ्या हाताला काहीतरी लागलं. ओलं. आणि गरम.

"ताई," कॅप्टनचा आवाज मुंगीएवढा आला होता. "ताई, रक्त. गरम आहे."

माझ्या मनात एकच विचार : तो एक आता मला घेऊन जाणार!

तेवढ्यात खालून टाळ्या ऐकू आल्या. हो, टाळ्या! भोंगा थांबला. फोन थरथरला, पण तो उचलायला हात हलवावा लागला असता. तो मी हलवला नाही.

किती वेळ गेला देव जाणे. दार करकरलं, पावलं आत आली आणि दिवे लख्ख लागले. आम्ही दोघांनी असा टाहो फोडला, की आलेला माणूसही दचकून ओरडला. ते भिंगकाका होते!

"इथे काय करताय रे दोघं? आणि माझा पंखा कोणी पाडला?"

"प-पंखा?"

जमिनीवर एक टेबलफॅन आडवा पडला होता. त्याच्या तोंडाला दोरीने बांधलेली रबराची गरम पाण्याची पिशवी. ती फुटून पाणी टेबलाखालपर्यंत आलेलं. वर काकांची कानटोपी, गळ्याला काकांचा मफलर.

"तूच म्हणालीस ना, हलत जा?" काका म्हणाले. "मला नाही जमत बाई, या वयात. म्हणून हा बसवला. उबदार आहे, मान फिरवतो. चार दिवस झाले, एकदाही दिवा गेला नाही!"

"आणि टोपी-मफलर कशाला, काका?"

"पिशवी निवते गं लवकर."

काकांनी माझ्या सगळ्या यंत्रणेला एका रबरी पिशवीने टोपी घातली होती! आणि भोंगा वाजल्यावर हे महाशय शिस्तीत खाली उतरून झाडाखाली उभे होते. त्यांना कोणी विचारलंच नाही, कारण घबराट होऊ द्यायची नव्हती.

आम्ही खाली आलो, तर मॅनेजरसाहेब दोन्ही हात पसरून पुढे आले. "शून्य, सेन्सरताई! अकरा वाजून चौदा मिनिटांनी शून्य! बाई सही करताहेत!"

अकरा वाजून चौदा मिनिटं. मी मनात हिशेब मांडला. पंखा पडला तेव्हा हलणारं एक संपलं. आणि उरलेले दोन भीतीने असे थिजले होते, की एका मिनिटानंतर इमारतीने आम्हालाही रिकामं ठरवलं. आम्ही आत होतो, जिवंत होतो, आणि पडदा हिरवागार!

गप्प बसले असते तर कायम नोकरी खिशात होती. अधिकारी बाईंचं पेन कागदावर टेकलेलं. पण उद्या खरंच आग लागली आणि कोणी असंच भिऊन टेबलाखाली बसलं तर?

"बाई," मी म्हणाले, "ते शून्य खोटं आहे. आम्ही दोघं आतच होतो."

मॅनेजरसाहेबांचे पसरलेले हात तसेच राहिले. कॅप्टन मिशांना पीळ भरत दुसरीकडे बघू लागले. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. पंख्यासकट. मग त्यांनी कागद उलटा केला, मागे काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "श्वास ओळखणारे सेन्सर लावा. आठ दिवसांनी परत येते."

ते आठ दिवस मी झोपले नाही. छाती वरखाली झाली तरी ओळखणारे नवे सेन्सर बसवले. ते भिंगकाकांना ओळखतात, दिवा जात नाही. दुसरी तपासणी नीट पार पडली, प्रमाणपत्र मिळालं. पण माझ्या नोकरीचं पत्र मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर अडूनच होतं. शेवटी एकदा त्यांनी मला आत बोलावलं. त्यांच्या हातात बाईंचा पहिल्या दिवशीचा शेरा होता.

"सेन्सरताई, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं," ते गहिवरून म्हणाले आणि वाचू लागले, "'वरील दोन कर्मचारी आणीबाणीच्या प्रसंगी इतके शांत राहिले, की त्यांचं अस्तित्व इमारतीलाही जाणवलं नाही.' वा! असा माणूस आम्हाला कायमच हवा!"

पत्रावर सही झाली. शिवाय आपत्ती व्यवस्थापन पथकाची प्रमुख म्हणून माझं नाव लागलं, उपप्रमुख कॅप्टन. मी पडले शास्त्राची विद्यार्थिनी. निरीक्षण अचूक असेल, तर त्याचा अर्थ कोणी काय लावावा यात आपण ढवळाढवळ करू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.