सरांपासून स्वतंत्र

सरांच्या मदतीशिवाय मी प्रयोगशाळा चालवू शकते, हे कुणालाही पाच मिनिटांत पटवून देईन! समिती येण्याच्या आदल्या दिवशी मी हे खुद्द सरांनाच ऐकवलं.

डॉक्टरेट झाल्यापासून मी त्यांच्याकडे कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. आता एका अनुदानातून प्राध्यापकाची जागा आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. अनुदान समितीची अट एकच: उमेदवार मार्गदर्शकापासून स्वतंत्र हवा. वयोमर्यादेमुळे माझी ही शेवटची संधी.

"सर, उद्या मध्ये पडायचं नाही हं."

"अगं, मी तुला ओळखही दाखवणार नाही!"

मला वाटलं, गंमत करताहेत.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाईंनी सरांना विचारलं, "यांचं काम कसं आहे?"

"कुणाचं?"

"यांचं. तुमच्या शेजारी उभ्या आहेत."

"अच्छा, या होय! कल्पना नाही बुवा. येतात, जातात."

"तुमचं भांडण झालंय का?"

"भांडायला आधी ओळख तर हवी!"

माझा चेहरा फ्रीजरमधून काढल्यासारखा झाला. बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "इथे त्रास देतात का तुम्हाला? मोकळेपणी बोला."

तेवढ्यात इन्क्युबेटरचा भोंगा वाजला. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला होता! नवा जोडला नाही, तर रुग्णांच्या गाठींपासून महिनोन्‌महिने वाढवलेल्या माझ्या पेशी मरणार होत्या. सरांचा अभिनय तिथेच गळून पडला.

"अगं, पाना कुठे असतो आपला? आणि सिलिंडर? हा का?"

त्यांनी आग विझवायचं नळकांडं कवटाळलं होतं.

"सर, ते खाली ठेवा! आणि सरका!"

मी सिलिंडर बदलला. भोंगा थांबला.

"बघितलंत?" सर अभिमानाने समितीकडे वळले. "ही नसली ना, तर मला इथे दिव्याचं बटणही सापडत नाही!"

अध्यक्षबाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

अनुदान मंजूर झालं! शेरा असा: 'उमेदवार पूर्णपणे स्वतंत्र. मार्गदर्शकांबाबत मात्र खात्री देता येत नाही. उमेदवाराने जाण्यापूर्वी त्यांना तयार करावे.'

सध्या मी सरांना सिलिंडर बदलायला शिकवते आहे. काल त्यांनी पहिल्यांदाच, कुणालाही न विचारता, एकट्याने बदलला. भरलेला काढून रिकामा लावला, एवढंच!