चिप कोणी धुतली?

आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी जे काही झालं त्यात माझी चूक नव्हती. माझ्या चिपची तर नव्हतीच नव्हती! हे मी तेव्हाही ठणकावून सांगितलं, आजही सांगते, आणि कोणाला ऐकायचं नसेल तर त्याने खुशाल कान बंद करावेत.

आमच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतात. पूर्वी त्यासाठी बाटल्याच्या बाटल्या पाणी लागायचं आणि निकाल यायला दिवस मोडायचा. मी त्यावर तोड काढली ती म्हणजे बोटाएवढी काचेची चिप. तिच्या पोटात केसाहून बारीक वाटा कोरलेल्या असतात. एका टोकाला पाण्याचा थेंब सोडला की तो वळणं घेत पुढे सरकतो, जाता जाता त्यातले पदार्थ वेगवेगळे होतात आणि दुसऱ्या टोकाने थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरतात. हे यंत्र म्हणजे रेणूंचा वजनकाटा. कोणाचं वजन किती, ते पडद्यावर उभ्या रेघा काढून दाखवतं, आणि त्या वजनावरून कोण आहे ते आम्ही ओळखतो.

आमच्या साहेबांना चिपचा भारी राग. ते तिला खेळणं म्हणायचे. वजनकाटा माझ्याकडून काढून शेजारच्या विभागाला द्यायचा, असं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. शेवटी ठरलं की समितीसमोर मी चिप चालवून दाखवायची. जमलं तर यंत्र माझ्याकडे, नाही तर यंत्र शेजारी आणि मी पुन्हा बाटल्या भरायला! मी साहेबांना तोंडावर सांगितलं, तुमच्याच केबिनमधल्या कूलरचं पाणी घेते आणि एका थेंबात त्याचं सगळं पितळ उघडं पाडते. साहेब नुसते हसले.

आदल्या दिवशी मी चिप डबीत घालून घरी नेली. कारण प्रयोगशाळेचा मला भरवसा नव्हता. मागे एकदा साफसफाईवाल्यांनी फुटकी काच समजून माझी एक चिप कचऱ्यात टाकली होती. घरी कोण हात लावणार आहे, असा माझा हिशेब होता.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर चिप ओट्यावरच्या जाळीत, दोन चमच्यांच्या मधे, निथळत उभी!

नवरा शांतपणे चहा पीत होता. त्याचं म्हणणं, काचेवर बोटांचे डाग होते, आज तुझा मोठा दिवस, म्हटलं स्वच्छ करून ठेवावी. माझ्या पायाखालची जमीन सरकली. भांड्यांचा साबण हा वजनकाट्याचा सात जन्मांचा वैरी! काचेच्या भांड्याला त्याचा नुसता हात लागला तरी पडद्यावर दुसरं काही दिसत नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मधे मधे काहीतरी सांगू पाहत होता, पण ऐकायला वेळ कोणाला होता? आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काय फुटलं गं?" मी म्हटलं, "माझं नशीब."

प्रयोगशाळेत नव्या चिपा होत्या, नाही असं नाही. पण महागाच्या म्हणून साहेबांनी त्या दागिन्यांसारख्या आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या. मागायला जायचं म्हणजे कारण सांगायचं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी साहेबांपुढे हात पसरायचे? शक्यच नाही! मी त्याच चिपमधून स्पिरिट सोडून सोडून ती खळखळून काढली. त्यानंतर नियम असा की आधी नुसतं शुद्ध पाणी सोडून कोरी चाचणी घ्यायची, म्हणजे चिपमध्येच काही चिकटून राहिलं असेल तर कळतं. मी ती घेणारच होते. पण साहेब समितीला घेऊन वेळेआधीच दारात हजर झाले, हातात कूलरच्या पाण्याचा ग्लास. अर्धा सगळ्यांसमोर स्वतः प्यायले आणि उरलेला माझ्यापुढे ठेवला.

मी थेंब सोडला. पडद्यावर रेघा उमटल्या. सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या, इथून तिथपर्यंत.

"हे काय आहे?" समितीच्या बाईंनी विचारलं.

चांगल्या पाण्यात एवढ्या रेघा येत नाहीत, हे साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी रेघांकडे पाहिलं, अर्ध्या ग्लासाकडे पाहिलं आणि खुर्ची धरली. पुढचं सगळं पाहता पाहता घडलं. इमारतीतल्या सगळ्या कूलरांना चिकटपट्ट्या लागल्या. हिशेबनीसांच्या पोटात दुखायला लागलं. वर्षभर केस का गळतायत ते टंकलेखिकेला त्या क्षणी उमगलं. साहेब एका हाताने स्वतःची नाडी बघत दुसऱ्या हाताने कूलरवाल्याला फोन करून त्याचं कंत्राट रद्द करत होते. तो बिचारा खालीच होता, खांद्यावर पाण्याची बाटली घेऊन धावत वर आला आणि सांगायला लागला की बाटल्या सीलबंद येतात, मी कशाला काय घालू? त्याला कोणी विचारेना.

आणि मला तर तो कंगवा ओळखीचा होता. साबणाचे रेणू म्हणजे एकाच मापाच्या कड्यांच्या लहान-मोठ्या साखळ्या, त्यांच्या रेघा अशाच उभ्या राहतात. गप्प बसले असते तर माझं यंत्र वाचलं असतं. पण नवऱ्याच्या उद्योगापायी त्या कूलरवाल्याच्या पोटावर पाय यावा? मी उभी राहिले आणि म्हटलं, "पाणी चांगलं आहे. साबण माझ्या चिपमध्ये आहे."

साहेबांना पुरावा हवा होता. मी सगळ्यांसमोर नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर.

"चिप धुतलीस की नाही?"

"धुतली, पण अगं..."

"पण नाही. धुतलीस ना?"

"धुतली."

मी फोन ठेवला. साहेबांचा चेहरा खुलला. घरच्या सिंकमध्ये जी निकालात निघते ती चिप काय कामाची, यंत्र उद्याच शेजारी हलवू, असं ते बाईंना सांगायला लागले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"कपाट उघडा," मी म्हटलं. "नवी चिप द्या. बाई बघतायत, होऊन जाऊ दे."

नवी चिप आली. आधी शुद्ध पाणी. पडदा सपाट, एक रेघ नाही. मग त्याच ग्लासातला थेंब.

कंगवा! अगदी तोच, दातन् दात!

कूलरवाल्याने खांद्यावरची बाटली खाली ठेवली. साहेबांनी घसा साफ केला, पुन्हा केला, आणि हळूच म्हणाले, "काल संध्याकाळी माझ्या कूलरची टाकी मी स्वतः साबणाने आतून घासली. समिती येणार म्हणून. कदाचित नीट विसळली नसेल."

बाईंनी चिप उजेडात धरली आणि विचारलं की हे सगळं खरंच एका थेंबात कळलं का. यंत्र माझ्याकडे राहिलं. कूलरवाल्याचं कंत्राट राहिलं. हिशेबनीसांची पोटदुखी आपोआप थांबली. मी छाती पुढे काढून घरी आले.

नवरा ओट्यापाशी उभा होता. सिंकमध्ये आदल्या दिवसाची भांडी तशीच पडलेली.

"साबण आणलास?" त्याने विचारलं.

"कसला साबण?"

"घरातला संपलाय. रोज सांगतोय. तुझी काच मी नुसत्या पाण्याखाली धरली होती. सकाळी तेच सांगत होतो, फोनवरही तेच."

दुसरं कोणी असतं तर वरमलं असतं. मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं की नळाच्या पाण्यात क्षार असतात, आणि चिपला क्षार लावणं हाही गुन्हाच आहे! सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. धुण्यातलं तिला जास्त कळतं. यापुढे तीच धुवेल."

माफी मी मागितलेली नाही, आणि मागणारही नाही. भांडी मात्र तेव्हापासून मीच घासते.