हातचं हाय, छापील न्हाई

मंचरला सुमतीशेठच्या भांड्यांच्या दुकानात कुकरची रिंग घ्यायला गेलात, तर शेठ आधी तुम्हाला हात धुवायला लावतात. कोपऱ्यात त्यासाठी बेसिन आहे, साबण आहे, खुंटीला स्वच्छ पंचा आहे. पहिल्यांदा मला वाटलं, जैन माणूस, सोवळ्याचं काही असेल. मी मुकाट्याने हात धुतले. शेठनी ते उलटसुलट करून पाहिले, मान हलवली आणि काउंटरखालून स्टीलचा एक पुरीचा डबा काढला. मला वाटलं, प्रसाद.

डब्यात कार्डं होती. पत्त्याच्या पानाएवढी, जाड कागदाची, एकेक प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली. शेठनी वरचं कार्ड पाकिटातून काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मुखवटा घातलेला, पिळदार दंडांचा, कॉमिक्समधल्या सुपरहिरोसारखा एक महावीर स्टुलावर बसून पाठीवर सोडायचा आपला फाटलेला झगा शिवत होता. दोरा ओवताना त्याने एक डोळा मिटला होता.

"हातचं हाय, छापील न्हाई," शेठ हळू आवाजात म्हणाले. "जगात एकच. आन् ते मंचरला."

मी हसत हसत घरी आले. रिंग दुकानातच राहिली.

मी अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. शेठ मला मॅडम म्हणतात आणि मॅडम पुस्तकातली असल्यामुळे तिला चित्रातलं कळतं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. त्यामुळे नवं कार्ड आलं की मला फोन येतो. "मॅडम, घरी जाता जाता या. हात हितंच धुवा."

हे वेड त्यांना पुण्यात लागलं. भाचीच्या लग्नाला गेले होते, तर शेजारच्या हॉलमध्ये कॉमिक्सवाल्यांची जत्रा भरलेली. टेबलं मांडून चित्रकार बसले होते आणि समोर उभं राहिलं की पाच-दहा मिनिटांत कार्डावर हवं ते काढून देत होते. शेठ वरातीतून निसटले आणि एका थाळीच्या किमतीत एक कार्ड घेऊन आले. "मोठ्या चित्राला भिंत लागती. आमच्या घरात भिंतीवर सगळे वारलेले लोक हायेत," ते सांगतात. "हे खिशात मावतं. आन् थाळीचं काय, दुसऱ्या दिवशी परत भूक लागती."

भूक कार्डांचीही लागली. नागपूरच्या एक बाई, कोल्हापूरचा एक बँकेतला कारकून, कुठले कुठले चित्रकार शेठनी फोनवरून शोधून काढले. सगळ्यांना त्यांची एकच अट. महावीर उडायचा नाही, मारामारी करायची नाही. "ते सगळेच काढतात. जग वाचवून झाल्यावर तो घरी काय करतो, ते काढा." त्यामुळे शेठच्या डब्यांत महावीर लसूण सोलतात, रेशनच्या रांगेत उभे राहतात, पोरांची दप्तरं शोधतात. एकाचा झगा सायकलच्या चेनमध्ये अडकलाय आणि तो केविलवाणा होऊन रस्त्याकडे बघतोय. ते कार्ड पाहून मी इतकी हसले, की शेठनी ते माझ्या हातून काढून घेतलं. शाईवर थुंकी उडेल म्हणून.

प्रत्येक कार्ड मागवताना ते जाहीर करतात, "हे शेवटचं." आठ दिवसांनी पोस्टमन दुसरं आणतो. "हे शेवटच्याच्या आधी मागवलेलं," शेठ गंभीरपणे सांगतात, "पोस्टात अडकलं व्हतं."

दुकानातले पुरीचे डबे आता विकायला नाहीतच. एका बाईंनी फळीवरचा मोठा डबा मागितला, तर शेठ म्हणाले, "तो न्हाई देता येत. त्यात माणसं राहतात." बाई घाईघाईने पायऱ्या उतरल्या.

पण या सगळ्यांत शेठचा लाडका चित्रकार म्हणजे घाटघरचा भिवा पेंटर. भिवाने उभा जन्म जुन्नर-आंबेगावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शेठच्या दुकानाची पाटीही त्याचीच. मग फ्लेक्स आले आणि ब्रश कोरडे पडले. शेठनी त्याला पुण्याचं कार्ड दाखवलं आणि म्हणाले, "भिवाभाऊ, असं एक काढा." भिवाने काढलं. त्याचा महावीर भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभा होता. पाठीवर झग्याच्या जागी पावसात घ्यायचं इरलं होतं आणि पायाची बोटं फाकलेली, खरोखर भातलावणी करणाऱ्या माणसाची. शेठ सांगतात, त्या दिवशी त्यांनी दुकान दुपारीच बंद केलं.

मीही भिवाकडून तीन कार्डं घेतली. नवऱ्याला सांगितलं, हे शेवटचं.

गेल्या वर्षी भिवाची कार्डं यायची थांबली. फोन वाजायचा, कोणी उचलायचं नाही. दोन महिने झाले तेव्हा शेठ मला म्हणाले, "मॅडम, रविवारी घाटघरला येता का? तुमचं पण एक कार्ड अडकलंय." कार्ड अडकलेलं होतं हे खरं, पण शेठच्या चेहऱ्यावर कार्डाची काळजी दिसत नव्हती.

जुन्नर मागे टाकून आम्ही पोचलो तेव्हा भिवा ओट्यावर बसलेला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. त्याची बायको हौसाबाई पाणी घेऊन आली. "फोन वाजला की भिंतीकडं तोंड करत्यात," ती म्हणाली. "म्हंत्यात, आता शेठला काय सांगू?"

भिवा मान वर करेना. "हात गेला, शेठ. बोलणं बरं झालं, पाय उचलतोय, पण हात गेला. तुमी दुसरा माणूस बघा."

मला वाटलं, शेठ आता धीर देतील, डॉक्टरचं विचारतील. शेठ पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "भिवाभाऊ, माझ्याकडं डाव्या हाताचं एकबी कार्ड न्हाई."

"चेष्टा करता व्हय, शेठ?"

"कार्डांच्या बाबतीत मी चेष्टा करतो का? मॅडमला विचारा. नागपूरच्या बाईंना म्हटलं डाव्यानं काढा, त्या ऐकंनात. कलेक्शन अर्धवट पडलंय माझं."

नागपूरच्या बाईंना त्यांनी असलं काही विचारलेलं नव्हतं. मी मान डोलावली.

शेठनी खिशातून कोरं कार्ड आणि पेन काढलं. हौसाबाईने पाटावर कार्ड दोन्ही हातांनी दाबून धरलं. भिवाने डाव्या हाताने उजवा हात मांडीवरून खाली सारला. मग त्याने पेन डाव्या मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं. रेघ सुरू झाली, भरकटली, परत आली. नाक वांग्याएवढं झालं. एक दंड बारीक, एक भोपळ्यासारखा. तासभर तो घामाघूम होऊन काढत होता, आणि कमरेपर्यंत पोचतो तो कार्ड संपलं. भिवाने पेन अंगणात फेकून दिलं.

"पाय बसंनात!" तो ओरडला. डोळे भरून आले होते.

शेठनी कार्ड उचललं, उजेडाकडे धरून नेहमीसारखं निरखलं. मग उठून अंगणातून पेन शोधून आणलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि पाटावर ठेवलं.

"मग पाय दुसऱ्या कार्डावर काढा," ते म्हणाले. "दोन कार्डांचा सेट. असला सेट कुणाकडंच न्हाई, राव."

आधी हौसाबाई हसली. मग भिवाही, अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसला. शेठनी दुसरं कार्ड पुढे सरकवलं.

परत येताना जुन्नरजवळ शेठ म्हणाले, "मॅडम, रोज दिवेलागणीला त्याचा फोन यायचा. एकच विचारायचा. 'शेठ, उद्या काय काढू? तुमाला काय पाहिजे?'"

समोरून एसटी आली, शेठनी गाडी कडेला घेतली.

"सोळाव्या वर्षापासून दुकानात उभा हाय. दिवसभर मीच लोकांना विचारतो, काय पाहिजे. घरी पोरं-सुना चांगल्या हायेत, लई करतात. पण मला काय पाहिजे, ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. पथ्याचं जेवण, गोळी, गरम पाणी. विचारणारा तो एकटाच व्हता." त्यांनी गिअर बदलला. "दोन महिने मला कुणी विचारलं न्हाई, मॅडम."

आता भिवाची कार्डं पुन्हा येतात. रेघ अजून डुगडुगते, पण पाय एकाच कार्डात बसायला लागलेत. परवा संध्याकाळी मी दुकानात होते, तेव्हा फोन वाजला. तीन गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती. शेठनी फोन कानाला लावला, पलीकडचा प्रश्न ऐकला आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

"थांबा हां, भिवाभाऊ," ते म्हणाले. "विचार करून सांगतो. ठेवू नका."